निजलेल्या वाटेवरच्या सायकली

पोळा झाला त्या आठवड्यात मी बसले कमी आणि उठले जास्त. तव्यावर भाकर टाकायची, दारात जाऊन आभाळ पाहायचं, आणि परत येईस्तोवर भाकर करपलेली. दुसऱ्या दिवशी सुनेनं माझ्या हातून परात ओढून घेतली. म्हणाली, "आत्याबाई, एक तं आभाय पाहा, नाईतं तवा पाहा. दोन्ही तुमच्यानं होऊन नाई राह्यलं."

खरंच होत नव्हतं. गावामागच्या टेकडीवर चार सायकलींनी वरून खालपर्यंत रेघा ओढल्या होत्या, आणि मोठा पाऊस यायच्या आत त्या बुजवायच्या होत्या. त्यात रविवारी आणखी वीस-पंचवीस सायकली यायच्या होत्या. त्यांना आवतण धाडणारी कोण, तर माझीच नात.

टेकडीचं आधी सांगते. मानोऱ्याकडच्या कुठल्याही टेकडीसारखीच आहे ती, वर मुरूम, खाली मुरूम, मधे बोटभर माती. पण त्या बोटभर मातीत पावसाळ्यात कंबरेइतकं गवत उठतं, आणि दसऱ्यानंतर ते कापून गाव आपली जनावरं उन्हाळ्यापार नेतं. म्हणून पेरण्या आटपल्या की टेकडीवरून जाणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही तोंडांना बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, आडव्या टाकतात. आमच्याकडे म्हणतात, वाट निजवली. दसऱ्याला पहिला विळा लागतो तेव्हा वाट उठते. मधल्या दिवसांत तिथं माणूस नाही, ढोर नाही, चाक नाही. गवताच्या बुडाशी लावे आणि चंडोल अंडी घालतात, एखाद्या वर्षी तणमोर चेंडूसारखा गवतातून उसळताना दिसतो. ते सगळं आपलं आपण चालतं.

मोडणाऱ्याला दंड पैशाचा नसतो. ज्यानं निजलेल्या वाटेवर खूण पाडली त्यानंच ती बुजवायची. पायथ्याच्या खदानीतून मुरमाचं टोपलं डोक्यावर घ्यायचं, कडेच्या दगडांवरून चढायचं, आणि चाकोरी भरेस्तोवर हेच करत राहायचं. ओल्या उतारावर सरळ रेघ पडली की पाणी तिच्यातूनच धावतं, आणि एकदा धावलं की दरवर्षी तिथूनच धावतं.

ही राखण काही वर्षांपासून बायकांच्या समितीकडे आहे, आणि समितीची अध्यक्ष मी आहे. माझ्या अंगी काही गुण आहेत म्हणून नव्हे. गावाचं मत असं की हिचा आवाज बोराटीपेक्षा जास्त टोचतो.

तर त्या गुरुवारी सकाळी मी वावरात मुगाच्या शेंगा तोडत होते. मान वर केली तर हिरव्या टेकडीवरून लाल, पिवळे, निळे ठिपके खाली घसरत होते. वाटलं, कोणाच्या तरी प्लास्टिकच्या बादल्या गडगडल्या. मग त्यातली एक बादली ओरडली, "आजीऽऽ!"

नात अकोल्याला नोकरी करते. पोळ्याला येताना तिनं तीन मित्रमैत्रिणी आणि चार सायकली आणल्या होत्या. सायकलींची चाकं पाहिली तर वाटावं गाडीला जुंपतील, आणि बसायची जागा चिमणीला पुरेल एवढी. चिखलानं माखलेली ती वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभी राहिली, दात तेवढे पांढरे.

"बोराटी नाई दिसली तुले?" मी विचारलं.

"दिसली ना! उचलून बाजूला ठेवली, वर गेलो, अन् परत जशीच्या तशी लावली. ढोरं बाहेर जाऊ नये म्हणून असते ना ती?"

काय बोलावं! कुलूप काढून घरात शिरायचं आणि जाताना शिस्तीत लावून जायचं. पण तिचीही चूक किती म्हणावी? लहानपणापासून ती यायची ती दिवाळीत नाही तर उन्हाळ्यात. वाट तेव्हा जागी असते.

"अन् आजी, ती मधली ओघळ! काय उतार आहे गं! मी तर मोबाईलवर टाकून दिला रस्ता. रविवारी अख्खा ग्रुप येऊन राह्यला, धनजकडून."

मधल्या ओघळीचं नाव ऐकून माझ्या हातातल्या शेंगा सांडल्या, असं लिहायचा मोह होतो. सांडल्या नाहीत. मी त्या इतक्या घट्ट धरल्या की दोन फुटल्या.

दिवेलागणीच्या आधीच आमच्या अंगणात माणसं जमली. पुढं तांड्यावरचा बकऱ्यावाला म्हातारा होता, माझ्याच वयाचा. त्याच्या घरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मागं राहतात तो आणि त्याच्या तीस बकऱ्या. पावसाळाभर तो त्या बकऱ्या टेकडीला वळसा घालून, रस्त्याच्या कडेकडेनं चारतो. मी खाट पुढं केली तरी तो बसला नाही.

"वैनी, एकच इचारतो. तुमच्या नातीची सायकल चालते, तं माह्या बकरीनं काय पाप केलं?"

"सायकल गवत नाही खात, बाबा," नात मधेच बोलली.

"बकरी खाते तं पोटाले लागते तिच्या, माय. सायकल फुकटच तुडवते."

अंगण हसलं. म्हातारा थांबला आणि हसू विरल्यावर म्हणाला, "रविवारी सायकली चढल्या तं त्याच्या मांगं माह्या बकऱ्या चढतीन. साफ सांगून ठेवतो."

मागून दोघांनी लगेच आपापल्या म्हशींचं नाव घेतलं. एकीनं जर्सी गाईचं घेतलं. मला दिसलं ते इतकंच, की रविवारी चाकं वर गेली तर यंदाचं गवत संपलं, आणि गावाला उन्हाळ्यात आपली जनावरं बाजारात उभी करावी लागतील.

नातीला ते अजून दिसत नव्हतं. "पण चाकाची तर रेघ आहे. ऊन पडलं की मिटून जाईल."

"ते मधली ओघय बी रेघच होती," म्हातारा म्हणाला.

"होती ना!" मागून कोणी तरी ओरडलं. "तूच तं ओढली होती, म्हातारबा. लाकूड ओढत आनून!"

अंगण पुन्हा हसलं. हा गावातला जुना विनोद आहे. म्हातारा काठीकडे पाहत राहिला. मी उठले. उठून काय करायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून बसले. मग परत उठले.

"लाकूड नव्हतं ते," मी म्हणाले. "सायकल होती. माही."

आता त्या बयेबद्दल सांगायलाच हवं. लग्नाला वर्ष झालेलं, वय एकोणीस, आणि अख्खं वऱ्हाड कामधंदा सोडून आपल्याकडेच पाहतं अशी तिची खात्री. नवरा गावच्या शाळेत गुरुजी. त्याची काळी, दांड्याची सायकल ती रविवारी शाळेमागं नेऊन शिकली होती. शिकली म्हणजे चढता यायचं आणि सरळ जाता यायचं. वळणं आणि उतरणं बाकी होतं.

टेकडीपलीकडे तिचं माहेर. तिथं चुलतबहीण आली होती, आणि तिच्या नवऱ्याकडे मोटारसायकल आहे अशी बातमी होती. बहीण मागं बसून आली म्हणे. आमच्या बयेला रात्रभर झोप नाही. मागं काय कोणीही बसतं! आपण स्वतः चालवत गेलो तर? नायलॉनची गुलाबी साडी नेसली, गुरुजींचा काळा चष्मा लावला. दिवस ढगाळ होता, पण चष्मा लावला. रस्त्यानं जावं तर काळ्या मातीचा चिखल चाकांना धरून बसायचा. म्हणून टेकडीची वाट. बोराटी उचलली, बाजूला फेकली, परत लावलीसुद्धा नाही. निदान तेवढी रीत आजच्या पोरांना आहे.

सायकल ढकलत माथ्यावर नेली आणि ऐटीत बसली. दहा हात गेली नसेल, पदर साखळीत. मागचं चाक जे जाम झालं ते पुढंही फिरेना आणि मागंही. सायकल वजनाला म्हशीच्या पारडाएवढी, उचलवेना. पदर सोडवेना, कारण सोडवायला वाकलं की साडीच सुटायची. शेवटी तिनं काय केलं, तर दांडा दोन्ही हातांनी धरला आणि जाम चाकासकट सायकल ओढत सरळ खाली निघाली. ओल्या मुरमात चाकाचा नांगर चालला होता. माहेर राहिलं एका बाजूला, बया पोचली सासरच्याच वावरात. चष्मा तेवढा डोळ्यांवर होता.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढं तिनं अक्कल वापरली.

दुसऱ्या दिवशी, कोणी पाहायच्या आत, तिनं ती रेघ बुजवली. खदान लांब होती, वावर जवळ. म्हणून वावरातली काळीभोर माती टोपल्या टोपल्या नेऊन चाकोरीत भरली आणि पायानं थोपटली. माती ती माती, असं तिला वाटलं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या बाईला हे वाटावं! काळी माती पाण्यात फुगते आणि मुरमाला काही केल्या चिकटत नाही. पहिल्याच जोराच्या सरीत ती घट्ट पिठल्यासारखी घसरली आणि जाताना दोन्ही काठ घेऊन गेली. वर्षभरात गुडघाभर ओघळ झाली. आज तिच्यात बसलेला माणूस दिसत नाही.

त्याच आठवड्यात तांड्यावरच्या एका पोरानं पडलेलं झाड ओढत घरी नेलं होतं, रस्त्यानं. पण ओढण्याची खूण ती ओढण्याची खूण. जाणत्यांनी टेकडीवरची रेघ त्याच्या नावावर टाकली आणि त्याला तीन दिवस दिले. तीन दिवस तो मुरूम वाहत होता आणि मी धुऱ्यावरून पाहत होते. दोनदा तर मी त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला, आणि घरी येऊन स्वतःच्या दयाळूपणावर खूश झाले.

हे सगळं मी अंगणात इतकं नीट सांगितलं नाही. अडखळत, मागचं पुढं करत सांगितलं. चष्म्याशी कोणी तरी हसलं, तांब्याशी कोणी हसलं नाही. नातीनं आपले हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

म्हातारा म्हणाला, "मले ठाव होतं."

"काय ठाव होतं?"

"मुरूम टाकाले गेलो तं खाली कायीभोर माती लागली. टेकडीवर कायी माती कुठून येईन? खाली तुमचंच वावर."

"मंग बोलले काहून नाई?"

"आयकलं कोनं असतं? गुरुजीच्या बायकोचं नाव अन् तांड्यावरच्या पोट्ट्याचं तोंड." बकरी लंगडते हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

मला राहवेना. "अन् पानी?"

"पेलो ना. तहान लागली होती."

मग त्यानं काठीची मूठ फिरवली आणि म्हणाला, "तीन दिस भरलं होतं म्या. तुमी बी तीन दिस भरा. पोट्टीच्या रेघा पोट्टी भरन."

"अगा, या वयात टोपलं?" सून म्हणाली.

"ल्हान घ्या म्हना."

नातीनं तेवढ्यात मोबाईल काढला होता. रस्ता पुसून टाकला, ग्रुपवर लिहिलं की वाट दसऱ्यापर्यंत बंद आहे, येऊ नका. मी विचारलं, "झालं मंग?" ती म्हणाली, "ज्यांनी आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडे आहेच, आजी." उत्तरादाखल काही अंगठे आले, काहींनी पाहून सोडून दिलं.

शुक्रवारी आम्ही लागलो. तिघांतला एक नोकरीसाठी निघून गेला, दोघं राहिले. माझं टोपलं म्हणजे घरातली चाळणीएवढी टोपली. पोरं आपल्या चार रेघा भरायला लागली, मी ओघळीच्या माथ्यापासून सुरुवात केली, दर थोड्या अंतरावर दगडांची आडवी ओळ, तिच्यामागं मुरूम, वरून धुम्मसानं ठोकायचं. म्हातारा दगडावर बसून देखरेख करत होता. त्यानं तोंडानं काही सांगितलं नाही, चुकलं की काठी नुसती वाजवायची. पश्चिमेकडून ढग यायचे, टेकडीवर थबकायचे आणि पुढं जायचे. प्रत्येक वेळी मी टोपली खाली ठेवायची. नात म्हणाली, "आजी, तू टोपलं कमी उचलते अन् वर जास्त पाहते." सगळ्या घरानं जणू एकच पाठ केलं होतं.

शनिवारी दुपारी ती धुऱ्यावरून हाक मारते, "आजी, इथली घेऊ का माती? खदानीपेक्षा जवळ आहे!"

मी अशी किंचाळले की पलीकडच्या वावरातल्या माणसानं फवारणी थांबवली. म्हातारा मात्र दगडावरून पडेस्तोवर हसला. पहिल्यांदाच हसताना पाहिला मी त्याला त्या तीन दिवसांत. "रगत हाये, वैनी," तो म्हणाला. "रगत कुठी जाईन!"

रविवारी सकाळी सातला ते आले. पंचवीस नव्हते, चौदा होते. नात बोराटीपुढं उभी, तळहातांना फडकी बांधलेली. मी तिच्या बाजूला. आणि जरा अंतरावर म्हातारा, मागं त्याच्या तीसच्या तीस बकऱ्या. त्याला मी बकऱ्या आणायला सांगितलं नव्हतं. तो बोललेलं करायला आला होता.

पुढचा उंच दाढीवाला म्हणाला, "मेसेज पाहिला. पण आम्ही चाळीस किलोमीटर आलोय. आणि मॅपवर तर रस्ता चालू दिसतो."

"मोबाईलात पाऊस पडते का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बरं, आम्ही सायकली खांद्यावर घेतो. चाक टेकवत नाही."

"पाय तं टेकन ना, बापू."

"मग काय उडत जायचं?"

"जमत असन तं जा. उडन्याले मनाई नाई."

मागच्या दोन-तीन मुली हसल्या. मी म्हटलं, हीच वेळ आहे. त्यांना ओघळ दाखवली. म्हटलं, ही मी केली, तुमच्याएवढी असताना, गुलाबी साडी नेसून. दोन दिवसांपासून भरून राह्यली, माथा तेवढा भरला. एका मुलीनं विचारलं, "खरंच तुम्ही? सायकलवर?" "काळा चष्मा लावून," मी म्हणाले. त्या इतक्या हसल्या की मला वाटलं जिंकलो.

दाढीवाला हसला नव्हता. त्यानं सायकल वळवली आणि बोराटीच्या कडेनं सरळ गवतात घातली.

म्हाताऱ्यानं काठी खाली केली. दोन बकऱ्या त्याच्या पायांमधून निघून गवतात शिरल्या. मग तिसरी. तो दाढीवाल्याकडेच पाहत होता. "तुह्ये चार हात," तो म्हणाला, "माह्ये चार हात."

सत्तरी ओलांडलेल्या बाईनं धावू नये. मी धावले. एका बकरीचा कान हाताला लागला, दुसरी मला ढुशी देऊन पुढं गेली. नात सायकलच्या मागच्या चाकाला लोंबकळली होती, "खाली उतरा! खाली उतरा आधी!" असं ओरडत. दाढीवाला उतरला, कारण चाक त्याच्याआधीच बसलं होतं. बोराटी वाटेवर आडवी असते, पण तिचे तुकडे दोन्ही अंगांना गवतात टाकलेले असतात, हे त्याला मोबाईलनं सांगितलं नव्हतं.

त्यानं सायकल मागं घेतली. ती गवताबाहेर आली त्या क्षणी म्हाताऱ्यानं ओठांतून एक बारीक शीळ घातली. बकऱ्या तोंडात गवत घेऊनच परतल्या. म्हशीवाले दोघं लांब उभे होते, ते घरी गेले.

चाकाला ठिगळ लावेस्तोवर अर्धा तास गेला. तोवर कोणी मुरमाची खदान पाहिली, कोणी टोपलं डोक्यावर ठेवून फोटो काढला. नऊ जण रस्त्यानं परत गेले, दाढीवाला त्यांच्यात. पाच जण राहिले आणि दुपारपर्यंत राबले. त्यांच्या हातांनी ओघळीचा खालचा भागही भरत आला. घाईनं भरला. आडवे दगड नीट बसले नव्हते, ते मला दिसत होतं, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की मी कोणाला थांबवलं नाही.

दोनला पाऊस आला. पोरं आमच्या पडवीत शिरली. मी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन वावरात उभी राहिले, नात माझ्या खोळीत डोकं घालून. आधी चार सायकलींच्या रेघांकडे पाहिलं. त्यांवर पाणी पसरत होतं, धावत नव्हतं. ओघळीत लाल पाणी आलं, पहिल्या दगडांशी अडलं, चढलं, पुढं झालं. दुसऱ्या ओळीशी अडलं. तिसऱ्या. मी नातीचा दंड इतका दाबला होता की ती "आजी, हात!" म्हणाली. मग खालचा सगळा भाग एकदम सरकला आणि आमच्या मुगाच्या कडेला येऊन पडला.

म्हातारा रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन उभा होता, बकऱ्या छत्रीला चिकटलेल्या. "खालचं गेलं, वैनी!"

"पाहून राह्यली ना मी!"

"माहे तिन्ही दिस गेले होते. तुमचं अर्धं तरी राह्यलं." आणि जाता जाता, "सुटल्या तुमी. तीन दिस झाले."

नात संध्याकाळच्या बसनं अकोल्याला गेली. सायकल इथंच ठेवून गेली, म्हणाली पुढच्या शनिवारी येते, तोवर खालचे दगड जमवून ठेव.

सोमवारी बारीक झिमझिम होती. मी टोपली घेतली तशी सून दारात आडवी आली. "आता कायले? दंड तं संपला ना तुमचा!"

"खालचं राह्यलं ना," मी म्हणाले, आणि तिच्या हाताखालून वाकून निघाले. दसऱ्याला महिन्याच्या वर दिवस होते आणि पश्चिमेला पुन्हा काळं झालं होतं.